ध्वनिमुद्रिकेची पारख

बेळगाव-निपाणीकडील रसिक आवडत्या ध्वनिमुद्रिका एकमेकांस ऐकवितात, तेव्हा वाद बहुधा खरखरीवरून माजतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची मुद्रणे कर्ण्यातून झाली, १९३० नंतरची मायक्रोफोनमधून. दुसरी अधिक स्वच्छ, हे उघडच आहे. परंतु स्वच्छतेवरून गाण्याचे मोल ठरविणे आम्हांस मान्य नाही. बेळगावजवळील सुळेभावीस १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी बालपणी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या ऐकूनच थोरांची गायकी उचलली. खरखर आड आली नाही. आज ती पुसण्याचा अतिरेक झाला, की सुराच्या सूक्ष्म छटाही पुसल्या जातात. म्हणून दोन प्रतींतून निवड करताना तानेचे दाणे व स्वराचा श्वास कोणत्या प्रतीत शाबूत आहेत, हे आधी पाहावे.