सक्तीची कृतज्ञता : बक्षिशी आणि सर्व्हिस चार्ज

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला हॉटेलची बिलं तपासण्याखेरीज आता काम उरलेलं नाही. ते अगदीच खोटं नाही. पण आम्ही या विषयाकडे वळलो ते एका प्रश्नामुळे. गेल्या महिन्यात रोह्याला 'ऋण' या कल्पनेवर आमचं व्याख्यान झालं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, नेहमीचीच मांडणी. संपल्यावर मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "सर, वेटरला आपण टिप देतो, ते ऋण फेडणं की भीक घालणं?" लोक हसले. आम्हीही हसून 'देणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून आहे' असं काहीतरी सांगून सुटका करून घेतली. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो सगळं भावनेवर सोपवतो.

परत पेणला येताना, नागोठणं मागे टाकल्यावर, महामार्गावर एका ठिकाणी जेवायला थांबलो. एका बाजूला फॅमिली रूम, दुसऱ्या बाजूला बार, अशी ती नेहमीची रचना. आम्ही चौघं होतो. जेवण १,२४० रुपयांचं झालं. बडीशेपेच्या बशीतून बिल आलं, त्यात खाली १० टक्के सर्व्हिस चार्ज, १२४ रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, आणि तो १,२४० वर नव्हे तर १,३६४ वर लावलेला. म्हणजे आधी आमच्याकडून सक्तीची कृतज्ञता वसूल केली आणि मग त्या कृतज्ञतेवर ६ रुपये २० पैसे कर घेतला!

इथं थोडा कायदा सांगायला हवा, कारण घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी सर्व्हिस टॅक्स नावाचा खराखुरा कर होता. त्यामुळे आजही पुष्कळांना वाटतं की सर्व्हिस चार्ज सरकारात जमा होतो. होत नाही. तो हॉटेलवाल्याकडे राहतो. एप्रिल २०१७ मध्येच केंद्र सरकारनं सांगितलं होतं की हा आकार ऐच्छिक आहे. पुढे ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं काढली : बिलात तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानं घ्यायचा नाही, देणार नाही म्हणणाऱ्याला दारात अडवायचं नाही, आणि तो बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळाली. शेवटी २८ मार्च २०२५ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्या याचिका फेटाळल्या आणि याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाखाचा खर्चही लावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते असो.

हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं दाखवायची हौस वयाबरोबर कमी होत नाही. आम्ही मॅनेजरला बोलावलं. त्यानं वाद घातला नाही, नवं बिल आणलं, १,३०२ रुपये. आमच्या सुनेनं फोनवरून तेवढेच भरले. आम्ही बशीत वीसची नोट ठेवली आणि एक न्याय्य लढा जिंकल्याच्या थाटात उठलो.

गाडीपर्यंत वेटर मागे आला. चाळिशीचा असेल. "सर, ओळखलंत का? अकरावीला तुमच्याकडं तर्कशास्त्र होतं." आम्ही ओळखलं नव्हतं, तरी ओळखल्यासारखं केलं. मग विचारलं, "अरे, तो सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळतो तरी का?" त्यानं एकदा मागं काउंटरकडं पाहिलं. म्हणाला, "मिळतो सर, थोडा. महिन्याला पॉइंटावर वाटतात. कॅप्टनला जास्त, आम्हाला त्याहून कमी, मोरीवरच्या बायकांना एक-एक पॉइंट. फुटलेले ग्लास त्यातूनच कापतात. बशीतलं मात्र माझं एकट्याचं." आणि मग अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता : "तुम्ही आज काढायला लावलात, त्यात त्यांचा गेला."

आता बघा, आमचा सगळा युक्तिवाद बरोबर होता. आधारवाक्यं खरी, निष्कर्ष वैध. आणि परिणाम काय, तर ज्या बाईनं आमची ताटं घासली तिच्या वाटचं काहीतरी आम्ही वाचवलं, आणि जो हसतमुखानं समोर आला त्याला वीस रुपये दिले. तिचं तोंडही आम्ही पाहिलेलं नव्हतं.

म्हणून आमची पहिली टीका सर्व्हिस चार्जवर नाही, आपल्या लाडक्या बक्षिशीवर आहे. बक्षीस हा फारसीतून आलेला शब्द, वरच्यानं खाली टाकायची वस्तू. मराठीत या जातीचे शब्द किती आहेत! खुशाली, चिरीमिरी, चहापाणी, दिवाळीची पोस्त. प्रत्येकाची छटा वेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांत समान : रक्कम देणारा ठरवतो, आणि घेणाऱ्यानं ती मोजायची नसते. शिवाय ती नेहमी दिसणाऱ्या हाताला मिळते, भाकरी भाजणाऱ्याला मिळत नाही. मासे साफ करणारीला तर नाहीच नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत, ते या बशीला लावून बघा. सात्त्विक दान कुणाला, तर ज्यानं आपल्यावर उपकार केलेला नाही त्याला, आणि द्यायला हवं एवढ्याच बुद्धीनं. वेटरनं तर आपली सेवा केलेली असते, तेव्हा सात्त्विक दानाच्या खात्यात टिप जमा होतच नाही. परतफेडीच्या आशेनं दिलेलं ते राजस. नेहमीच्या बारमध्ये बसल्याबसल्या आधीच पन्नासची नोट सरकवणारे गृहस्थ तुम्हाला माहीत असतील. टेबल कोपऱ्यातलं हवं, चकणा पुन्हा भरून हवा, आणि कोण कोण येऊन गेलं ते विसरलं जायला हवं. आणि अवहेलनेनं, सत्काराशिवाय दिलेलं ते तामस. नोट टेबलावर भिरकावून उठणं, ग्लासाखालच्या ओल्यात ती चिकटली तरी न बघणं. म्हणजे गीतेच्या हिशेबात बक्षीस एकतर राजस, नाहीतर तामस. आमचे एक मित्र म्हणतात, असं काटेकोर पाहिलं तर बिचाऱ्या वेटरला काहीच मिळणार नाही. खरं आहे. म्हणूनच प्रश्न असा विचारायला हवा की हे दान आहे असं आपण मुळात का समजतो?

याचं उत्तर आपल्याला फार लांब शोधावं लागत नाही. याच पेण तालुक्यात, गागोद्याला, १८९५ साली विनोबा जन्मले. १९५१ मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, तेव्हा 'जमीनदारांपुढे हात काय पसरता' अशी टीका झाली. त्यावर विनोबा शंकराचार्यांचा आधार देत. आचार्यांनी गीताभाष्यात दानाचा अर्थ 'संविभाग' असा केला आहे, यथाशक्ती वाटून घेणं, आणि तिथं त्यांनी अन्नाचं नाव घेतलं आहे. आपल्या विषयाला याहून जवळचं भाष्य कुठलं? संविभाग म्हणजे घेणाऱ्याचा जो वाटा होताच तो त्याच्याकडे जाणं. त्यात देणारा उंच होत नाही.

मग सर्व्हिस चार्ज हाच संविभाग नाही का, असं तुम्ही म्हणाल. मोरीवरच्या बाईलाही एक पॉइंट मिळतो की! आम्ही यावर बराच विचार केला, आणि मान्य करतो की कल्पना म्हणून तो बक्षिशीहून बरा आहे. पण त्याच्यात खोट कुठं आहे? गिऱ्हाइकाला सांगायचं, हे नोकरांसाठी. नोकराला सांगायचं, आम्ही देऊ तेवढं. हिशेब दोघांनाही दाखवायचा नाही, आणि फुटलेले ग्लास मधल्या मध्ये वळते करायचे. देणाऱ्याचं स्वातंत्र्य गेलं, आणि घेणाऱ्याचं परावलंबन जसंच्या तसं राहिलं. आधी ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर होतं, आता मालकाच्या.

मालकाची बाजूही ऐकू. भाडं आहे, गॅस आहे, पावसाळ्यात महामार्गाचे हाल, गिऱ्हाईक तुटतं. सगळं कबूल. मग मेनूकार्डावर सुरमईच्या थाळीचा भाव वाढवा. तो भाव पाहून आम्ही आत बसू किंवा पुढं जाऊ. भाव कमी दाखवून मागाहून दहा टक्के चढवणं याला आमच्या तर्कशास्त्रात छल म्हणतात, शब्दाचा एक अर्थ दाखवायचा आणि दुसरा वापरायचा.

न्यायालयांनी या पैशाचं स्वरूप दुसऱ्या एका बाजूनं तपासलं आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला : गिऱ्हाईक कार्डावरून टिप देतं, हॉटेल ती नोकरांत वाटतं, मग तो पगार का? आयटीसीच्या हॉटेलांचं ते प्रकरण होतं, प्रश्न आयकर कपातीचा होता. न्यायालय म्हणालं, हा पगार नाही, हा पैसा गिऱ्हाइकाकडून आलेला आहे, मालक तो फक्त पोचवतो. चांगली गोष्ट. मग पोचवणाऱ्यानं वाटेत किती ठेवलं हे विचारायला नको? ब्रिटननं ते विचारलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथं कायदाच आहे की टिप असो वा सर्व्हिस चार्ज, मालकानं त्यातलं काही ठेवायचं नाही, आणि वाटपाचा लेखी हिशेब ठेवायचा. उलट टोक अमेरिकेचं. तिथं टिप मिळवणाऱ्याचं संघीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, बाकीचं टिपमधून भरून निघेल असं धरलं जातं. काही राज्यांनी ते वाढवलं आहे, पण मूळ कल्पना तीच : पगार मालकाऐवजी गिऱ्हाइकानं द्यावा.

दिल्लीचा निकाल योग्यच आहे असं आमचं मत आजही आहे. पण तो खटला हॉटेलवाले आणि ग्राहकांचा कैवार घेणारं प्राधिकरण यांच्यात चालला. ज्याच्या नावानं पैसे घेतले जातात, तो माणूस भांडणाच्या मध्यभागी असून पक्षकार नव्हता. ही उणीव न्यायमूर्तींची नाही, ती आपल्या सगळ्यांच्या नजरेची आहे. पेणच्या बाजारातल्या साध्या खानावळीत आम्हाला सर्व्हिस चार्ज कधी लागला नाही, तिथं बशीत दहाची नाणी असत. आता तिथंही फोनवरून रुपयाला रुपया भरतात, सुटे हातात येतच नाहीत, आणि बशी रिकामी परत जाते. त्याबद्दल कुणी याचिका केलेली नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही परत त्या हॉटेलात गेलो. एकटेच. पिठलंभाकरी खाल्ली. मागच्या वेळचे एकशे चोवीस रुपये खिशात वेगळे ठेवले होते, ते आमच्या विद्यार्थ्याला देऊ लागलो. तो म्हणाला, "सर, माझ्याकडं नको. आत चला." मागच्या दारानं मोरीपाशी गेलो. दोन बायका भांड्यांच्या ढिगापुढे बसल्या होत्या. एकीनं हात पदराला पुसले, पैसे घेतले, मोजले, दुसरीला निम्मे दिले, आणि आमच्याकडं बघून विचारलं, "कसलं हो हे?"

पस्तीस वर्षं शिकवलं आम्ही. तिला सांगता आलं नाही. 'तुमचंच आहे' एवढं म्हणालो, तर ती म्हणाली, "मंग शेठला सांगा की."

शेठ गल्ल्यावर नव्हते. पुन्हा जायचं आहे. रोह्याच्या त्या बाईंनाही आमचं उत्तर अजून पोचायचं आहे, भीकही नाही आणि ऋणही नाही, हा वाटा आहे आणि तो चुकीच्या दारानं जातोय. चहा आलाय म्हणतायत. त्याआधी दोन-तीन प्रश्न घेऊ.