टवका उडालेला चीन

कपबशी कुठलीही असो, आपण तिला ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात घडलेल्या चहाच्या वाट्या पाहताना माझ्याही तोंडी तोच शब्द आला. निळं-पांढरं रूप, कपाला कान नाही, अंगावर छत्रीवाली माणसं. पण माती चिनी नाही. आत साधी पिवळसर भाजलेली माती, वर कथिल घातलेल्या झिलईचा पांढरा थर.

१६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने युरोपला खऱ्या चिनी पोर्सेलिनची चटक लावली. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमध्ये युद्धं पेटली आणि माल आटला. ती जागा डेल्फ्टने भरली. काही कारखाने तर बंद पडलेल्या बिअरच्या भट्ट्यांमध्ये उभे राहिले.

म्हणून या वाट्यांना ‘स्वस्त नक्कल’ म्हणतात. मला ते पटत नाही. कच्च्या झिलईला कुंचला टेकला की ती रंग पिऊन टाकते. चुकलेली रेघ पुसता येत नाही. असा हात नुसत्या नकलेने तयार होत नाही. शिवाय ही झिलईच मुळात नवव्या शतकात इराकमध्ये चिनी पांढऱ्या भांड्यांशी बरोबरी करताना बहरली आणि स्पेन, इटलीमार्गे उत्तरेला आली. म्हणजे डेल्फ्टला वारशातच एक नक्कल मिळाली होती.

खोट आहे ती चित्रात. त्या काळच्या चिनी भांड्यांवरची माणसं अनेकदा नाटक-कादंबरीतली पात्रं असत. बघणाऱ्याला त्यांची गोष्ट माहीत असे. डेल्फ्टच्या वाटीवर येता येता गोष्ट गळून पडते, उरतो फक्त पोशाख. छत्री आहे, पूल आहे, पण कोण कुठे चाललंय याच्याशी चिताऱ्याला देणंघेणं नाही. दुसऱ्याचं जग असं सजावट होऊन बसतं, तेही इतकं देखणं की आपल्याला खटकतही नाही.

खरं काय ते काठावर दिसतं. ही झिलई ठिसूळ, उकळत्या चहाने आणि रोजच्या हाताळणीने तिचे टवके उडतात. चहासाठी केलेली वाटी चहालाच भिते! संग्राहकाला तो टवका दोष वाटतो, किंमत उतरते. मी मात्र आधी तिथेच बघते. तेवढ्या जागी वाटी चीन असल्याचं सोंग सोडते आणि डेल्फ्टची माती दिसते.