फरशीचं चित्र आणि पायाखालची फरशी

सौंदर्यशास्त्र म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात, गाणं आठवतं, चित्रं आठवतात. घरातली फरशी काही कोणाला आठवत नाही. पण दिवसातून शंभर वेळा जिच्यावर आपण पाय ठेवतो ती वस्तू चांगली की वाईट, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या बाहेरचा कसा मानायचा? म्हणून आज आम्ही विषय घेतला आहे टाइल्सचा. नाटकाची समीक्षा करतात, तशी आज फरशीची करू.

टाइल्सच्या दुकानात गेलात तर आज साधारण काय दिसतं? इटालियन संगमरवराच्या शिरा असलेल्या मोठ्या टाइल्स, दोन फूट बाय चार फूट किंवा त्याहून मोठ्या. लाकडी फळीसारख्या लांबट टाइल्स. जुन्या नक्षीच्या सिमेंट लाद्यांसारख्या दिसणाऱ्या, ज्यांना हल्ली ‘मोरोक्कन’ म्हणतात. आणि ‘टेराझो’. आता गंमत बघा. यातली एकही वस्तू, जी दिसते ती नाही. सगळ्या भाजलेल्या मातीच्याच, वर छापलेलं चित्र. गुजरातमधल्या मोरबीत देशातल्या टाइल्सचा फार मोठा हिस्सा तयार होतो, आणि तिथे आता डिजिटल छपाईनं टाइलवर काहीही उमटवता येतं.

टेराझोचंच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या घरातलं आहे. टेराझो म्हणजे काय हो? आपली मोझॅकची लादी! सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे घालून केलेली. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये एक-दोन पिढ्या हिच्यावर रांगल्या. मग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या आणि मोझॅक म्हणजे गरिबी, असं ठरलं. आता तीच मोझॅक परदेशी नाव घेऊन परत आली आहे, पण छापील. आणि काही घरांत काय होतं, तर खाली खरी मोझॅक तशीच ठेवून, वर केमिकल लावून, मोझॅकचं चित्र असलेली टाइल चिकटवतात. जमीन उंच होते म्हणून दारं खालून तासावी लागतात. खऱ्या वस्तूवर तिचाच फोटो चिकटवण्यासाठी एवढा खटाटोप!

यावर लगेच म्हणता येईल, की नक्कल वाईट, कारण ती फसवणूक. कांटनं १७९० च्या ग्रंथात एक दाखला दिला आहे. एका खानावळवाल्यानं पाहुण्यांना खूश करण्यासाठी झुडपात एक पोरगा लपवला आणि त्याच्याकडून नाइटिंगेल पक्ष्याचा आवाज काढून घेतला. हा पक्षी नव्हे हे कळल्यावर ते गाणं कोणालाच फार वेळ ऐकवत नाही, असं कांट म्हणतो. आवाज तोच, तरी गोडी गेली.

पण आम्हाला वाटतं, हा दाखला टाइलला पुरता लागू पडत नाही. लाकडी दिसणारी टाइल घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हे लाकूड नाही. म्हणूनच तो ती घेतो! वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाही, आणि खऱ्या सागवानाचा खर्च परवडणार कोणाला? हा युक्तिवाद अगदी योग्य आहे. मध्यमवर्गीय माणसानं हौस करू नये, असं सांगायला आम्ही इथे उभे नाही.

मग बिघडतं कुठे? आमच्या मते दोन ठिकाणी.

पहिलं, वस्तूला स्वतःचं रूपच उरत नाही. जुनी नक्षीची सिमेंट लादी कशी होत असे? पितळी किंवा लोखंडी साचा, त्यात कप्पे, प्रत्येक कप्प्यात वेगळा रंग ओतायचा, वर सिमेंट घालून दाबायचं. भट्टी नाहीच, पाण्यात मुरवायची. साच्याला जे जमतं तेवढीच नक्षी. म्हणून त्या लादीची ठळक, भौमितिक अशी भाषा तयार झाली. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या प्रेरणेनं सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अशा लाद्या आजही करते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात इंग्लंडच्या मिंटनच्या फरश्या आहेत. या प्रकारच्या फरशीत वेगवेगळ्या रंगांची माती आतच भरलेली असते. छपाईला अशी मर्यादा नाही. तिला काहीही जमतं, आणि म्हणून ती दुसऱ्याचंच रूप घेते. दोष छपाईचा नाही. आडोल्फ लोस या वास्तुकारानं १८९८ मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी आहे: लाकडाला हवा तो रंग द्या, फक्त लाकडाचा देऊ नका. छपाईतही स्वतःची नक्षी करता येईलच की.

दुसरं बिघडतं ते काळाचं गणित. मिंटनची किंवा सिमेंटची लादी झिजली तरी नक्षी राहते, कारण रंग काही मिलिमीटर खोल असतो. मोझॅक पंचवीस वर्षांनी पॉलिश केली की पुन्हा उजळते. छापील टाइलचा टवका उडाला की आतली पांढुरकी माती दिसते, आणि तिला पॉलिशचा उपाय नाही. तोवर ते डिझाइन दुकानातूनही गेलेलं असतं. ट्रेंड चालतो चार वर्षं, फरशी राहायला हवी तीस वर्षं. मग माणूस काय करतो? चांगली फरशी फोडतो, आणि तो राडारोडा गावाबाहेर कुठेतरी पडतो.

आणि एक विसरू नका. आपल्याकडे फरशी ही बघायची वस्तू कधीच नव्हती. तिच्यावर पंगत बसे, भाजी निवडली जाई, उन्हाळ्यात दुपारी उशी घेऊन लवंडत. पाठीनं आणि तळपायांनी ओळखायची वस्तू होती ती. आज ती निवडली जाते मोबाइलमधल्या फोटोवरून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ओल्या चकचकीत टाइलवर भीत भीत चालावं लागतं, हे फोटोत दिसत नाही.

तेव्हा टाइल घ्यायला जाल तर चार गोष्टी करा. नमुन्यावर पाणी ओतून चप्पल काढून उभे राहा. न्हाणीघरासाठी घसरणरोधक दर्जा विचारा, आर-१० किंवा आर-११ असा तो लिहिलेला असतो. टाइलची कड बघा, रंग किती खोल आहे ते कळेल. डिझाइनचे वेगवेगळे छाप किती, ते विचारा आणि आठ-दहा टाइल्स जमिनीवर मांडायला लावा. तीच शिर, तीच गाठ पुन्हा पुन्हा दिसली तर दिवाणखान्यात ती रोज डोळ्यांत खुपेल. आणि चौथी, सगळ्यांत स्वस्त: आधी घरातल्या जुन्या मोझॅकला पॉलिशवाल्याकडून एक कोपरा घासून बघा. कदाचित जे दुकानात शोधताय ते पायाखालीच असेल.

आज इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.