मरण ठाऊक असलेली माणसे

नाशिकला डिसेंबर 2021 मध्ये 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाला हा मान मिळाला याचा आम्हाला मनापासून आनंद होता. त्याच वर्षी 21 एप्रिलला याच शहरातल्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. नातेवाईक खाटेजवळ उभे होते आणि काय होते आहे ते त्यांना दिसत होते. या दोन गोष्टी आमच्या मनात एकमेकींना चिकटून राहिल्या आहेत. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा आम्ही त्यांची 'धूमकेतू' ही कथा पुन्हा काढून वाचली.

दत्तदा हा हौशी आकाशनिरीक्षक एक धूमकेतू शोधतो, त्याला त्याचेच नाव दिले जाते, आणि मग कळते की तो धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. मूठभर शास्त्रज्ञ गुप्तपणे जमतात, अणुस्फोटाने त्याची वाट वळवायचे ठरवतात. लोकांना मात्र काही सांगायचे नाही. दत्तदा घरी येतो तर बायकोने अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ मांडलेला. तो संतापतो. कथा विज्ञानाच्या बाजूने ठामपणे उभी राहते, आणि त्यात चूक काही नाही. पण आम्हाला आता दुसरेच टोचते. ज्याला सारे ठाऊक आहे तो गप्प आहे, आणि जिला काहीच सांगितलेले नाही तिच्या भीतीला तो अडाणीपणा म्हणतो. लोक घाबरतील म्हणून सांगायचे नाही, हे नारळीकर फार सहज मान्य करून टाकतात. धूमकेतू वळला नसता तर? कोट्यवधी माणसे वसियत न करता, कुणाची माफी न मागता गेली असती.

नेव्हिल शूटच्या 'ऑन द बीच' (1957) या कादंबरीत याच्या उलट आहे. तिथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपला आहे, किरणोत्सर्ग हळूहळू दक्षिणेला सरकतो आहे, आणि मेलबर्नच्या लोकांच्या हातात काही महिने उरले आहेत. शूट स्वतः विमान-अभियंता, त्यामुळे भाषा कोरडी, पण त्या कोरडेपणातच ताकद आहे. अमेरिकन पाणबुडीचा कप्तान मेलेल्या बायकामुलांसाठी भेटी विकत घेतो. एक मुलगी टंकलेखन शिकायला जाते. पीटर आणि मेरी हे जोडपे बागेची आखणी करते. त्या बागेचा बहर पाहायला ते असणार नाहीत.

हे वाचताना आमच्या वाचकांना ती हदीस आठवल्याशिवाय राहणार नाही. कयामत येऊन ठेपली आणि तुमच्या हातात रोपटे असेल, तर जमले तर ते लावून टाका. शूटला ती माहीत असण्याचे कारण नाही. समीक्षक या जोडप्याला स्वतःची फसवणूक करणारे म्हणतील. आम्हाला तसे वाटत नाही. फळाची हमी नसताना केलेले काम हे फसवणूक नसते.

तरी एवढी शिस्त पटत नाही. लूट नाही, दंगा नाही, रांगेत उभे राहून गोळ्या घ्यायच्या आणि संपायचे. शिवाय एक गोष्ट त्या लेखकाच्या ध्यानातही आली नसावी. नाशिक, मालेगाव, भिवंडी ही गावे कादंबरी सुरू होण्याआधीच मेलेली आहेत. आम्ही उत्तर गोलार्धातले. आमच्या वाट्याला एक ओळही नाही.

आणि उधारी? शूटच्या माणसांना शेवटच्या दिवसांत कुणाचे देणे आठवत नाही. आमच्याकडे जनाजाच्या नमाजआधी वारस उभा राहून सांगतो, मय्यतचे कुणाला काही देणे असेल तर आम्हाला भेटा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरातल्या एका बुजुर्गांची अवस्था डॉक्टरांनी आम्हाला सांगितली, आणि त्यांना सांगायचे नाही असे आम्हीच ठरवले. ते बरे होऊन घरी येण्याच्या गोष्टी करत राहिले. पुढे एक शेजारी संकोचत आले. दोन वर्षांपूर्वी दिलेले पैसे होते. कागद नव्हता. आम्ही पैसे दिले, पण खरे किती होते हे विचारायचा माणूस आम्ही स्वतःच गप्प ठेवून घालवला होता. दत्तदावर रागावताना आम्हाला हे आठवते आणि राग थोडा उतरतो.

मरण समोर दिसते आहे आणि साऱ्या मोहल्ल्याला ते ठाऊक आहे, अशी मराठी कादंबरी आमच्या वाचनात नाही. आमच्यातल्या कुणी ती लिहायला घेतली, तर देण्याघेण्याच्या वह्या निघतील, रुसलेले भाऊ एकमेकांच्या दारात जातील, काही जण जाणारही नाहीत. दफनासाठी जागा कुठली, यावर मशिदीच्या अंगणात वादही होतील. शेवटच्या माणसाच्या जनाजाची नमाज कोण पढणार, हेही लेखकाला ठरवावे लागेल.