श्रीकार नसलेले कार्ड

वारशाने आलेली जुनी पोस्टकार्डे वाचणाऱ्याची पहिली तक्रार असते ती त्यांच्या एकसुरीपणाची. ‘येथील सर्व क्षेम, तेथील क्षेमकुशल कळवीत जावे’ हे वाक्य दहा कार्डांत दहादा भेटते आणि यात घराण्याचा इतिहास तो काय सापडणार, असे वाटून गठ्ठा पुन्हा बांधला जातो. माझे म्हणणे असे की, पोस्टकार्ड हा एक लेखनप्रकार आहे आणि त्याचे संकेत ठाऊक असल्याशिवाय तो वाचता येत नाही. कुटुंबाचा इतिहास कार्डाच्या मजकुरात थोडा आणि संकेत मोडतो तिथे जास्त असतो.

हिंदुस्थानात पोस्टकार्ड आले 1 जुलै 1879 रोजी, पाव आण्याला. स्वस्त म्हणून ते घरोघर गेले, पण ते उघडे होते. पोस्टमन ते वाचू शके, आणि घरात साक्षर माणूस नसेल तर शेजारचा कुणी ते मोठ्याने वाचून दाखवी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला; तेव्हापासून पत्र हे इतिहासाचे साधन आहे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. मात्र दप्तरातले पत्र कामकाजासाठी जपले जाई. कार्ड खुंटीवरच्या तारेत टोचले जाई, आणि कोणते टोचायचे व कोणते नाही याचे नियम होते.

माझ्याकडे आलेली 63 कार्डे आजोबांनी गिरगावातल्या चाळीतून मालवणकडच्या घरी लिहिलेली आहेत. सगळी थोरल्या भावाच्या नावे. आजीच्या नावे एकही नाही. त्यावरून ‘त्यांनी बायकोला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत’ असा शेरा आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आला. पण त्या काळच्या एकत्र कुटुंबात धाकट्या सुनेच्या नावे कार्ड येणे रीतीला धरून नव्हते. नवरा बायकोचे नावही घेत नसे. तिच्यासाठी शब्द होता ‘घरी’. ‘घरी सांगणे, मनिऑर्डरीपैकी पाच रुपये औषधास ठेवावे.’ ‘घरी सांगणे, रात्री ओसरीवर निजू नये.’ अशी 41 वाक्ये मी मोजली. दिरासमोर, सगळ्यांच्या देखत वाचले जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाने बायकोशी केलेले हे बोलणे आहे. ते कोरडे आहे ते उघड्या कार्डामुळे. माणूस कोरडा होता, असे त्यावरून ठरत नाही.

दुसरा संकेत मरणाचा. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डावर वर ‘श्री’ लिहीत नसत, आणि ते वाचून लगेच फाडून टाकत. घरात ठेवत नसत. म्हणजे जपलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातून मृत्यू आधीच वगळलेले असतात. ‘सर्व क्षेम’ उरते, कारण क्षेम नसलेली कार्डे नष्ट झालेली असतात.

आमच्या गठ्ठ्यात एकच कार्ड श्रीकाराविना आहे. मजकूर चारच ओळींचा: ‘ती. दादांस शि. सा. न. पत्र पावले. घरी सांभाळावे. आगबोट सुरू झाल्याबरोबर येतो.’ तिथी नाही, पोस्टाचा शिक्का फरकटलेला. पण छापील किंमत ‘नये पैसे’ अशी आहे, म्हणजे कार्ड 1 एप्रिल 1957 नंतरचे. कोकणची आगबोट पावसाळ्यात बंद असे, म्हणजे ते पावसाळ्यातले. त्याआधीच्या तीन कार्डांत ‘बाळीचा खोकला’ विचारला आहे. त्यांतले शेवटचे श्रावण व. 3, शके 1881 चे, म्हणजे ऑगस्ट 1959 मधले. त्यानंतर बाळी हा शब्द कोणत्याही कार्डात नाही.

यावर आक्षेप घेता येईल की, घाईत श्रीकार राहून गेला असेल. एकट्या त्या खुणेवर मीही काही उभारले नसते. पण उरलेल्या 62 कार्डांत, ‘पैसे पाठवले, पोच द्यावी’ एवढ्याच मजकुराच्या कार्डांतसुद्धा, तो आहे. श्रीकार नाही, नेहमीचे ‘सर्व क्षेम’ नाही, आणि पुढे एक नाव नाही, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात. ‘पत्र पावले’ यातले ते पत्र मुंबईत फाडले गेले असणार. त्याचे उत्तर मात्र गावी कुणीतरी फाडले नाही. कुणी, ते कार्डावरून कळत नाही.

विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले. आमचाही आहे. त्यात आजोबांच्या नावाखाली चार अपत्ये आहेत. लहानपणी गेलेल्या मुलींना त्यात जागा नव्हती. कुलवृत्तांत वंश सांगतो, आणि वंशापुरता तो विश्वसनीय असतो. घर कसे चालले, कोण कुणाची काळजी कशा शब्दांत करत होते, हे विचारायचे तर कार्डांकडेच यावे लागते. पण कार्डेही सरळ उत्तर देत नाहीत. म्हणून ज्यांच्याकडे असे गठ्ठे आहेत त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: सुंदर अक्षराची, मोठ्या मजकुराची कार्डे निवडून बाकीची रद्दीत घालू नयेत. चार ओळींचे, काहीच न सांगणारे कार्डही ठेवावे, आणि मजकुराआधी त्याचा माथा पाहावा.

कुलवृत्तांताच्या माझ्या प्रतीत मी पाचवे नाव पेन्सिलीने लिहिले आहे. खरे नाव कुणालाच आठवत नाही, म्हणून ‘बाळी’ एवढेच.