कार्तिकातले वाचन

दिवाळीचा पाडवा झाला की मी एक जुनी वही काढतो आणि पुढच्या महिन्यात कोणत्या कादंबऱ्या वाचायच्या ते तिच्यात लिहून ठेवतो. पुण्यामुंबईच्या रसिकाला ही सवय हास्यास्पद वाटेल. हाताशी ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने असणाऱ्याला वाचनाचा बेत कशाला हवा? आमच्याकडे मात्र पुस्तक हवे असेल तर महिना आधी कुणाला तरी चंद्रपूरला सांगून ठेवावे लागते. शिवाय कार्तिक हा आमच्या झाडीपट्टीत वाचनाचा महिनाच नव्हे. धान कापणीला आलेले असते, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते आणि वडशाच्या मंडळींची नाटके रात्र रात्र चालतात. नाटकाचे आमंत्रण मोडून कादंबरी वाचत बसणारा गुरुजी गावाला आवडत नाही, आणि मलाही तो फारसा आवडत नाही. हे सारे वजा जाता महिन्यात पंधरा-सोळा रात्री उरतात. तेवढ्यात चार कादंबऱ्या होतात. पाचवी घेतली तर एकही नीट होत नाही.

तेव्हा निवड करणे आले. निवड कशाच्या आधारे करावी, हा खरा टीकेचा प्रश्न आहे आणि तो विद्वानांवर सोडून देण्यासारखा नाही. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. मला अभ्यासक्रम कुणी आखून दिला नाही. पुष्कळ वर्षे मी पारितोषिकांच्या याद्या पाहून वाचले. त्याने माहिती वाढली, पण एक पुस्तक दुसऱ्याशी बोलले नाही. पुढे ध्यानात आले की महिन्याच्या वाचनाला एक प्रश्न लागतो. प्रश्न असला म्हणजे चार निरनिराळ्या लेखकांची पुस्तके एका पंगतीला बसतात.

यंदाचा प्रश्न मला एका जुन्या विद्यार्थ्याने दिला. माझी एक कादंबरी आमच्याच भागातल्या शाळेवर आहे. नायक अर्थातच मास्तर. ती वाचून तो मुद्दाम भेटायला आला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि उठताना म्हणाला, "गुरुजी, तुमच्या पुस्तकात आमी लय रडतो जी. आमी तुमाले हासत होतो, थे काहून नाई लिवलं?"

मला उत्तर देता आले नाही. नवी कादंबरी अर्धी लिहून झाली होती. ती तेथेच थांबली. मी मुलांकडे पाहिले होते, कळवळ्याने पाहिले होते. पण मुले माझ्याकडे पाहत होती, याची माझ्या लेखनात नोंदच नव्हती. तेव्हा यंदाचा प्रश्न असा: बाहेरून आलेला माणूस जेव्हा एखाद्या गावाची, एखाद्या जमातीची कादंबरी लिहितो, तेव्हा त्या गावाला त्याच्याकडे उलट पाहू देतो की नाही?

पहिल्या आठवड्यात उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०). बाहेरून आलेला माणूस तीत नाही, म्हणूनच ती आधी घ्यायची. सोने पारखण्यापूर्वी कसोटीचा दगड हातात असावा. वऱ्हाडातल्या शिंपी कुटुंबातली कौतिक संसार सावरायला धडपडते आणि परिस्थिती तिला पुरती पिळून काढते. वरवर पाहता दुःखाची कमाल आहे. तरीही कौतिक केविलवाणी होत नाही. याचे कारण तिच्या बोलण्यात आहे. ती वऱ्हाडीत भांडते, टोमणे मारते, हिशेब करते. ज्या पात्राला स्वतःच्या बोलीत चिडता येते, त्याची नुसती कीव करता येत नाही. माझी पात्रे रडत राहिली, कारण मी त्यांना चिडू दिले नाही.

दुसऱ्या आठवड्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). ती मी किती वेळा वाचली याची मोजदाद नाही. प्रत्येक शिक्षकाला ती आपलीच कथा वाटते, आणि हाच तिच्यातला धोका आहे. आपण मास्तराच्या डोळ्यांनी वाडी पाहतो आणि वाडीने मास्तराला कसे पाहिले ते विसरतो. खरे तर ते पुस्तकभर आहे. एवढ्याशा पोराला मास्तर म्हणायचे की काय, अशी वाडीची नजर आहे. धनगर त्याच्याकडून कागद लिहवून घेतात, भांडणे तोडून घेतात, हळूहळू त्याला आपल्या कामाला लावून घेतात. तालीम बांधली जाते, तिच्यासाठी औंधचे राजेसाहेबही येतात. पण दुष्काळ पडल्यावर माणसे निघून जातात, तेव्हा ना तालीम त्यांना थोपवू शकते ना मास्तर. मास्तराने गाव सुधारले, असे माडगूळकर कुठेही म्हणत नाहीत. त्या संयमातच कादंबरीचे मोठेपण आहे. मी मात्र माझ्या शेवटच्या प्रकरणात शाळेवर झेंडा फडकवला होता.

येथे कुणी म्हणेल, मग ज्याचे त्यानेच लिहावे, हाच निष्कर्ष झाला. मला तो मान्य नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' यमूच्या तोंडून सांगितली. पुरुषाने स्त्रीची आत्मकथा लिहिली, आणि ती खोटी वाटत नाही. परंतु एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. यमूची भाषा हरिभाऊंच्या घरातली भाषा होती. माणदेशी धनगरही मराठीच बोलतो. आमच्या एटापल्ली-भामरागडकडचा माडिया स्वतःच्या घरी मराठी बोलत नाही. त्याच्यावरची मराठी कादंबरी लिहिली जाण्यापूर्वीच भाषांतर झालेली असते. जंगलातल्या वातावरणाची वर्णने कितीही रसरशीत असली तरी ही अडचण सुटत नाही.

म्हणून तिसरा आठवडा विलास मनोहर यांच्या 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरीला. बाबा आमट्यांनी १९७३ साली भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. मनोहर तेथले कार्यकर्ते. ते बाहेरून आले, पण पाहुणे म्हणून नव्हे, राहिले. एक माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा जातो, हे ही कादंबरी सांगते. पहिल्या वाचनात मी तिच्यात गडचिरोलीचे वृत्त शोधले आणि ते पुष्कळ सापडले. आता मला दुसरे काही पाहायचे आहे. तिच्यातला माडिया केव्हा हसतो, कुणाला हसतो, आणि त्याच्या मनातले मराठीत आणताना लेखकाने कोणते शब्द तसेच ठेवले? अन्यायाची हकीकत कार्यकर्ता सांगू शकतो. हसण्याची हकीकत सांगायला कादंबरीकारच लागतो.

चौथी कादंबरी मराठी नाही. गोपीनाथ महांती यांची 'अमृत संतान' मी हिंदीतून वाचणार आहे. मूळ ओडिया कादंबरी कोरापुटच्या डोंगरातल्या कंध लोकांवरची. तिला १९५५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. महांती सरकारी अधिकारी होते. म्हणजे मास्तर, कार्यकर्ता आणि अधिकारी अशी तिन्ही प्रकारची बाहेरची माणसे या महिन्यात माझ्यासमोर येतील. आमच्या जंगलाला आणि त्यांच्या जंगलाला एकच हवा लागते. पण तेथल्या कादंबरीकाराने जे १९४७च्या सुमारास हाती घेतले, ते मराठीने इतक्या उशिरा का घेतले, हे मला समजून घ्यायचे आहे.

चंद्रपुरात साहित्यसंमेलन दोनदा भरले: १९७९ मध्ये वामन चोरघडे यांच्या आणि २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. मंडप उठले, ते उठायचेच असतात. वाचनाचा क्रम मात्र आपला आपणच लावावा लागतो. त्यात वगळणेही आले. विभावरी शिरूरकरांची 'बळी' (१९५०) या प्रश्नात अगदी चपखल बसते. सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत त्यांनी स्वतः नोकरी केली होती. पण सोळा रात्रींत ती बसत नाही. तिच्यासाठी मार्गशीर्ष आहे.

अर्धी राहिलेली कादंबरी मी फाडलेली नाही. महिना संपला की तिचे पहिले प्रकरण पुन्हा लिहीन. त्यात मास्तर पहिल्या दिवशी फळ्यावर काहीतरी लिहील, मागे वळेल, आणि सगळा वर्ग हसत असेल. कशाला हसतो आहे, ते त्याला कळणार नाही. मला स्वतःला ते अजून ठाऊक नाही. त्या विद्यार्थ्याला विचारून यावे लागेल.