उल्लेखनीय आणि उल्लेखित

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावाहून एक गृहस्थ जाडजूड फाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे बनवणारा वडिलांचा कारखाना चाळीसएक वर्षे चालला. मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहितो हे त्यांना कुणीतरी सांगितलेले. "बाबांचं एक पान करून द्या, सर. पुरावे सगळे आहेत," ते म्हणाले.

फाईल मी दोन रात्री वाचली. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ, पतसंस्थेच्या स्मरणिकेतला लेख, मंत्र्यांच्या हस्ते पुरस्काराचे छायाचित्र आणि वृत्तपत्रांची एकेचाळीस कात्रणे. जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा बाजूला काढल्यावर नऊ उरली. त्यांतली तीन वेगवेगळ्या दैनिकांतली, वेगवेगळ्या मथळ्यांची, आणि तिन्हींत कारखान्याच्या स्थापनेचे साल चुकलेले. चूकही तीच. जुन्या पोथ्या चाळणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली की त्यांची मूळ प्रत एक असणार, हे पाठचिकित्सेतले पहिलेच पाऊल. इथली मूळ प्रत म्हणजे कारखान्याच्या कचेरीतून गेलेले प्रसिद्धिपत्रक. गौरवग्रंथातही तेच चुकीचे साल होते! म्हणजे साक्षीदार चार दिसत होते, साक्ष एकाचीच होती.

हे काही नवे नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांत एकच मजकूर शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. पुढाऱ्यांचे ते उघडकीला आले. उद्योजकांच्या पुरवण्यांकडे असे बारकाईने कोण पाहतो?

इंग्रजी विकिपीडियाने घडवलेला आणि मराठीतही आधाराला घेतला जाणारा निकष थोडक्यात असा : त्या व्यक्तीशी लागेबांधे नसलेल्या, विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिलेले असावे. याला मराठीत 'उल्लेखनीयता' म्हणतात, आणि माझ्या मते निम्मा घोटाळा या शब्दाने केला आहे. 'नीय' आला की योग्यता आली. पूजनीय, वंदनीय यांच्या पंगतीत शब्द जाऊन बसतो. मग पान नाकारणे म्हणजे माणसाला नाकारणे होते. निकष मात्र योग्यता विचारतच नाही. उल्लेख झालेला आहे का, कुणी न सांगता, न मागता केला आहे का, एवढेच विचारतो. 'उल्लेखित' म्हटले असते तर कितीतरी घरांतली नाराजी टळली असती.

वाईच्या विश्वकोशामागे तर्कतीर्थांसारखा प्रमुख संपादक होता. नोंद का घेतली, का गाळली, याचा जाब त्याला विचारता येई. जिथे कुणीही लिहू शकतो तिथे असा माणूस नाही, म्हणून नियम. तो कडक का, हेही समजते. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती एकदम बंद केली. छोट्या उद्योजकांकडून पैसे घेऊन पाने बनवायची आणि ती टिकवण्यासाठी पुन्हा पैसे मागायचे, असा तो धंदा होता.

तरीही नियमाची कात्री सगळीकडे सारखी चालत नाही. २००७ च्या सप्टेंबरात विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी केपटाऊनजवळच्या गुगुलेथू वस्तीतल्या 'म्झोलीज' या मांसाच्या दुकानावजा खाणावळीवर त्रोटक लेख सुरू केला. अर्ध्या तासाच्या आत तो उडवला गेला. बरीच वादावादी झाली, लोकांनी स्रोत शोधून आणले आणि लेख टिकला. पण लेख वेल्स यांचा होता म्हणून शोधायला माणसे धावली. आमच्या कारखानदारासाठी कोण धावणार? त्यांचे गिऱ्हाईक शेतकरी. यंत्र चांगले चालले तर शेतकरी शेजाऱ्याला सांगतो, लेख लिहीत नाही.

किर्लोस्करवाडी वसली १९१० साली, आणि 'किर्लोस्कर खबर' निघाले १९२० साली. १९२५ साली कुणी हा निकष लावायला बसले असते तर लक्ष्मणरावांविषयीचा 'खबर'मधला मजकूर बाद करावा लागला असता. घरचेच मासिक, संपादक पुतण्या. त्यातले तपशील वापरता आले असते, पण थोरवीचा पुरावा म्हणून नाही. मला हे बरोबर वाटते. लक्ष्मणरावांवर पुढे बाहेरच्यांनीही लिहिले. आमच्याकडे ते लिहिणारेच कमी पडतात. उद्योजकावर मराठीत लिहायचे म्हणजे गौरवग्रंथ, आणि गौरवग्रंथात कामगारांचा संप नसतो, बुडालेले कर्ज नसते, बिघडलेले यंत्र परत घेऊन आलेला शेतकरी नसतो. (असे तीन लेख मीही लिहिले आहेत. एकाचे मानधन शाल आणि श्रीफळ.)

पान होणार नाही, असे मी त्या गृहस्थांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग तुम्हीच कुठंतरी लिहा ना. म्हणजे तो पुरावा होईल."

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटले, लिहीन, पण छापण्याआधी तुम्हाला दाखवणार नाही, पैसे घेणार नाही आणि पान मी स्वतः करणार नाही. आणि गौरवग्रंथ नको, विक्रीची पावतीपुस्तके द्या. ते फाईल घेऊन उठले, रागावले असावेत.

तीन आठवड्यांनी एक खोके आले, सोबत चिठ्ठी नव्हती. आत बावीस पावतीपुस्तके. सध्या त्यांतल्या खरेदीदारांच्या गावांची यादी करतो आहे. १९७८ च्या पुस्तकाची शेवटची दहा पाने वाळवीने खाल्ली आहेत.